पुढची ओळ, पान उलटा : गेम कन्सोल, आरजीबी मॉनिटर आणि सिंकचा इतिहास

(जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल. जुना गेम कन्सोल, जुना आरजीबी मॉनिटर, दोघांना जोडणारी केबल, आणि त्या जोडणीत चित्र न थांबण्याची तक्रार. पण तुमच्यापैकी जे चाळिशीच्या पुढचे आहेत त्यांनी ही तक्रार लहानपणी घरात पाहिलेली आहे. शनिवारचा किंवा रविवारचा सिनेमा ऐन रंगात आलाय आणि चित्र वर सरकायला लागलं. नायिकेचे पाय वर, डोकं खाली, मध्ये एक काळा जाड पट्टा. मग घरातलं कोणीतरी उठायचं, टीव्हीच्या मागे हात घालायचं आणि एक बटण हळूहळू पिळायचं. बाकीचे समोरून ओरडायचे, "थांब, थांब, गेलं, परत आण!" त्या बटणाचं नाव होतं व्हर्टिकल होल्ड. आजचं व्याख्यान म्हणजे त्या बटणाची गोष्ट आहे, असं म्हटलं तरी चालेल.

आधी एक उदाहरण घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. शाळेतलं श्रुतलेखन आठवा. बाई सांगतात, मुलं लिहितात. बाई मजकुराबरोबर आणखी दोन गोष्टी सांगतात, "पुढची ओळ" आणि "पान उलटा". पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा किरण हा लिहिणारा मुलगा. तो डावीकडून उजवीकडे एक ओळ लिहितो, झटकन डावीकडे येतो, पुढची लिहितो. त्याला "पुढची ओळ" सांगणारी खूण म्हणजे हॉरिझॉन्टल सिंक. "पान उलटा" सांगणारी खूण म्हणजे व्हर्टिकल सिंक. आता मुलाला "पान उलटा" ऐकूच आलं नाही तर? तो आपल्या मनानं कधीतरी पान उलटेल, दर वेळी थोडं चुकेल, आणि चित्र वर किंवा खाली फिरत राहील. "पुढची ओळ" ऐकू आलं नाही, तर ओळी एकमेकींपासून सरकतील आणि चित्र तिरक्या पट्ट्यांमध्ये फाटेल. दोष कसा दिसतो यावरून कोणतं वाक्य ऐकू आलं नाही ते कळतं. निदानाचा अर्धा भाग इथेच संपला.

उरलेला अर्धा भाग मात्र इतिहासात आहे. कारण ही दोन वाक्यं किती वेळानं सांगायची, कोणत्या तारेतून सांगायची आणि किती मोठ्यानं सांगायची, हे वेगवेगळ्या देशांनी, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कारणांनी ठरवलं. कन्सोल एका ठरावाप्रमाणे बोलतो, मॉनिटर दुसऱ्या ठरावाप्रमाणे ऐकतो, आणि मधल्या मधे आपण म्हणतो, "मॉनिटर बिघडलाय."

सुरुवातीपासून जाऊ. १८८४ साली पॉल निपकोव या जर्मन विद्यार्थ्यानं छिद्रांची फिरती तबकडी वापरून चित्र ओळीओळीनं वाचायची कल्पना मांडली. जॉन लोगी बेअर्ड यांनी जानेवारी १९२६ मध्ये लंडनला यांत्रिक दूरचित्रवाणीचं प्रात्यक्षिक करून दाखवलं. तिथे पाठवणाऱ्याकडे एक तबकडी आणि पाहणाऱ्याकडे दुसरी, दोन्ही अगदी एका वेगानं फिरायला हव्यात. जरा मागेपुढे झालं की चेहरा सरकलाच. पाहणाऱ्याला हातानं वेग सांभाळावा लागायचा. म्हणजे सिंकची अडचण गेम कन्सोलबरोबर आलेली नाही. ती दूरचित्रवाणीच्या पाळण्यातली आहे.

इलेक्ट्रॉनिक टीव्ही आला तेव्हा ठराव झाले. अमेरिकेनं १९४१ मध्ये ५२५ ओळी आणि सेकंदाला ६० फील्ड असं ठरवलं. ६० का? तिथली घरगुती वीज ६० हर्ट्झची आहे म्हणून. चित्राचा आणि विजेचा ठेका जुळला की विजेच्या गुणगुणीमुळे पडद्यावर पट्टे सरकत नाहीत. युरोपात वीज ५० हर्ट्झ, म्हणून तिथे ५० फील्ड आणि पुढे ६२५ ओळी. आपल्याकडेही वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे आपण ६२५ ओळी आणि ५० फील्ड घेतले. मुंबईचं दूरदर्शन केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं ते याच ठरावावर, आणि १९८२ मध्ये रंग आला तो पाल पद्धतीचा.

अमेरिकेत रंग आला १९५३ च्या ठरावानं, आणि तिथे एक गंमत झाली. रंगाची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींत लुडबुड करू लागल्या. जुने कृष्णधवल संच चालू राहायला हवे होते, म्हणून आवाजाची जागा हलवता येत नव्हती. मग ओळींचा वेग किंचित कमी केला. सेकंदाला १५,७५० ओळी होत्या त्या सुमारे १५,७३४ झाल्या, आणि ६० फील्डचे ५९.९४ झाले. हा ०.०६ चा फरक लक्षात ठेवा. पन्नास वर्षांनी तो परत भेटणार आहे.

हे आकडे कानांनीही ऐकता यायचे. आपल्याकडे ओळींचा वेग सेकंदाला १५,६२५. टीव्हीच्या आत त्याच वेगानं एक ट्रान्सफॉर्मर बारीक शिट्टी वाजवायचा. मोठ्यांना ती ऐकू यायची नाही, पण आवाज बंद असला तरी टीव्ही चालू आहे हे लहान मुलांना शेजारच्या खोलीतून कळायचं. ती शिट्टी म्हणजे "पुढची ओळ, पुढची ओळ" हाच घोष.

आता या गोष्टीत कन्सोल येतो. राल्फ बेअर हे टीव्हीचं तंत्र शिकलेले इंजिनिअर. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी अमेरिकेत जे यंत्र बनवलं त्यावरून १९७२ मध्ये मॅग्नाव्हॉक्स ओडिसी बाजारात आला. त्या यंत्रात चेंडू आणि फळ्या दाखवणाऱ्या सर्किटांबरोबर सिंक तयार करणारी सर्किटंही होती. असणारच. इतके दिवस ती दोन वाक्यं प्रसारण केंद्रातून यायची. आता घरातली एक पेटी केंद्राची जागा घेत होती, आणि टीव्हीला त्याचा पत्ता लागू द्यायचा नव्हता.

१९७७ च्या अटारी २६०० मध्ये तर ही जबाबदारी थेट प्रोग्रामरच्या डोक्यावर आली. त्या यंत्रात १२८ बाइट मेमरी. अख्खं चित्र साठवायला जागाच नाही. किरण पुढे धावतोय आणि प्रोग्राम त्याच्या पुढ्यात ओळ तयार करून टाकतोय, असा प्रकार. व्हर्टिकल सिंकसुद्धा प्रोग्रामनंच चालू करायचा, ३ ओळी थांबायचं आणि बंद करायचा. मग ३७ ओळी रिकाम्या, १९२ ओळी चित्राच्या, ३० ओळी पुन्हा रिकाम्या. बेरीज करा, २६२. गेममध्ये शत्रू जास्त आले, हिशेबाला वेळ लागला आणि २६२ च्या जागी कधी २६४, कधी २६० ओळी झाल्या, की घरातल्या टीव्हीवर चित्र उडी मारायचं. एखाद्या गेममध्ये ठरावीक जागी चित्र हललं, तर दोष तारेत शोधू नका. तो चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या हिशेबात असू शकतो.

इथे कोणीतरी विचारेल, टीव्हीच्या ५२५ ओळी आणि कन्सोलच्या २६२, हे कसं? टीव्ही एक चित्र दोन खेपांत काढतो, एकदा विषम ओळी, एकदा सम. प्रत्येक खेप साडेदोनशे-बासष्टची, म्हणजे २६२.५. ती शेवटची अर्धी ओळ असते म्हणून दुसरी खेप पहिलीच्या मधोमध बसते. कन्सोलवाल्यांनी अर्धी ओळ सोडून दिली. सरळ २६२. त्यामुळे प्रत्येक खेप त्याच जागी पडते, चित्र थरथरत नाही, आणि ओळींमध्ये त्या प्रसिद्ध काळ्या रेघा दिसतात. हा ठरावाचा भंगच होता, पण पिक्चर ट्यूब उदार मनाची. तिला कोणी "पान उलटा" म्हटलं की ती उलटते, किती ओळी झाल्या ते मोजत बसत नाही.

आता आरजीबी. ॲन्टेनाच्या तारेतून किंवा पिवळ्या तारेतून येणाऱ्या चित्रात सगळं एकत्र कोंबलेलं असतं, उजेड, रंग, सिंक. आरजीबीमध्ये लाल, हिरवा, निळा यांना वेगळ्या तारा. चित्र एकदम स्वच्छ. पण प्रश्न उरतो, सिंक कुठे ठेवायचा? तीन रंगांच्या तीन तारा झाल्या, "पुढची ओळ" कोण सांगणार? इथेच घोटाळ्याला सुरुवात झाली, कारण याची चार-पाच उत्तरं निघाली आणि सगळी वापरात राहिली.

पहिलं उत्तर, दोन सिंकना दोन वेगळ्या तारा. संगणकाच्या व्हीजीएनं १९८७ मध्ये हेच केलं. दुसरं, दोन्ही सिंक एकत्र करून चौथी तार, म्हणजे कॉम्पोझिट सिंक. तिसरं, हिरव्या रंगाच्याच तारेत काळ्याच्या खालच्या पातळीवर सिंक बसवायचा. चौथं, चौथ्या तारेतून सरळ पूर्ण कॉम्पोझिट चित्रच पाठवायचं आणि मॉनिटरला सांगायचं, "यातला सिंक तेवढा वेचून घे, बाकी सोड."

हे चौथं उत्तर फ्रान्समुळे पसरलं. फ्रान्सची रंगाची पद्धत सेकाम, ती शेजाऱ्यांपेक्षा निराळी. बाहेरची यंत्रं जोडायला त्यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी २१ पिनांचं एक सॉकेट ठरवलं, ते स्कार्ट. १९८० च्या सुमारास ते तिथल्या नव्या टीव्ही संचांवर सक्तीचं झालं आणि मग युरोपभर गेलं. त्यात २० क्रमांकाची पिन कॉम्पोझिट चित्राची होती. आरजीबी चालू असताना तीच सिंकसाठी वापरायची. आपल्याकडे घरच्या टीव्हीला हे सॉकेट फारसं आलंच नाही. नव्वदच्या दशकात आपण जे फॅमिकॉमचे नकली अवतार खेळलो ते ॲन्टेनाच्या जागी तार खोचून, मुंग्या आलेल्या चित्रावर.

जपाननंही २१ पिनांचं आरजीबी सॉकेट वापरलं. आकार हुबेहूब स्कार्टचा, पिनांचा क्रम वेगळा. लाल रंग दोन्हींत १५ क्रमांकावर. पण स्कार्टमध्ये जिथे सिंक अपेक्षित आहे त्या २० क्रमांकावर जपानी केबल निळा रंग आणते. म्हणजे युरोपी सॉकेटात जपानी केबल घातली की ती घट्ट बसते आणि मॉनिटर निळ्या रंगात "पुढची ओळ" शोधत बसतो. जुन्या वस्तू विकत घेणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं. केबलवर काय लिहिलंय यावर विसंबू नका, मल्टीमीटर लावून पिना तपासा.

याहून धोक्याची गोष्ट एका कन्सोलच्या आत आहे. सुपर फॅमिकॉम जपानमध्ये नोव्हेंबर १९९० मध्ये आला. त्याच्या मागच्या सॉकेटात तिसऱ्या पिनवर कॉम्पोझिट सिंक मिळतो. युरोपच्या पाल आवृत्तीत त्याच तिसऱ्या पिनवर १२ व्होल्ट आहेत. हा वेडेपणा नव्हता. स्कार्टमध्ये टीव्हीला "आता ॲन्टेना सोड, माझ्याकडे वळ" असं सांगायला साधारण तेवढाच दाब एका पिनवर द्यावा लागतो, म्हणून कंपनीनं तो पुरवला. पण जपानी कन्सोलसाठी बनवलेली सिंकची केबल युरोपी कन्सोलला लावली, तर मॉनिटरच्या सिंकच्या दारात, जिथे जेमतेम व्होल्टभराची अपेक्षा आहे, तिथे थेट १२ व्होल्ट जातात. इथे चित्र फिरण्यावर भागत नाही, मॉनिटर जाऊ शकतो.

"किती मोठ्यानं सांगायचं" हा तिसरा मुद्दा. चित्राच्या तारेत सिंक काळ्याच्या खाली ०.३ व्होल्टचा असतो. पण १९८८ च्या मेगा ड्राइव्हसारखे कन्सोल कॉम्पोझिट सिंक देतात तो डिजिटल चिपच्या पातळीचा, म्हणजे ५ व्होल्टच्या आसपास. मॉनिटरचं दार ७५ ओहमचं. गणित करा, ५ भागिले ७५, जवळजवळ ६७ मिलिअँपिअर. चिपला तेवढं झेपत नाही आणि मॉनिटरला तेवढं नको असतं. मध्ये ४७० ओहमचा एक रेझिस्टर घातला की मॉनिटरपाशी सुमारे ०.७ व्होल्ट उरतात आणि दोघंही सुखी. काही रुपयांचा तुकडा. तो केबलच्या टोपणात आहे की नाही, यावर महागड्या यंत्राचं आयुष्य अवलंबून असतं.

हिरव्यातल्या सिंकचं ठळक उदाहरण प्लेस्टेशन २, साल २०००. आरजीबी ठेवून दुप्पट ओळींच्या पद्धतीत गेलात की हा कन्सोल सिंक हिरव्या तारेत पाठवतो. ज्या मॉनिटरला हिरव्यात सिंक शोधायचं माहीत नाही, त्यावर अंधार. आणि त्याच कन्सोलवर आरजीबी लावून डीव्हीडी सिनेमा सुरू केला की चित्र हिरवं होतं. तो सिंकचा दोष नाही. नक्कल रोखण्याच्या धोरणामुळे कन्सोल आपणहून आरजीबी सोडून कॉम्पोनंट पद्धतीवर जातो. तार तीच, भाषा बदललेली.

आता माझी स्वतःची एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या एडिटिंग स्टुडिओचं सामान भंगारात निघालं होतं. त्यात वीस इंची व्यावसायिक मॉनिटर होता, मागे गोल बीएनसी सॉकेटं असलेला. वर खडूनं लिहिलेलं, "खराब". मी घरी आणला, मेगा ड्राइव्ह जोडला, चित्र तिरकं फाटलेलं. केबल बदलली, तेच. दोन रविवार गेले. मी मॉनिटर उघडायच्या तयारीत होतो, आणि हे करू नये, कारण आत वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही काळ टिकतात. शेवटी पुढच्या पट्टीवर एक छोटं बटण दिसलं, बाहेरचा सिंक घेण्याचं. ते दाबलेलं नव्हतं. म्हणजे मॉनिटर स्टुडिओच्या सवयीनं हिरव्या तारेत सिंक शोधत होता, आणि मी तो चौथ्या तारेतून देत होतो. बटण दाबलं आणि चित्र खिळ्यासारखं थांबलं. तो मॉनिटर कधीच खराब नव्हता. असे किती "खराब" मॉनिटर फोडले गेले असतील, हा विचार अजून मनातून जात नाही. या ट्यूब आता कोणी बनवत नाही. जी आहे ती संपली की संपली.

मघाशी म्हटलं होतं की तो बारीक फरक परत भेटेल. सपाट पडदे आले, आणि ऐकणारा बदलला. पिक्चर ट्यूब सांगेल तेव्हा पान उलटायची. डिजिटल यंत्र आधी मोजतं, साठवतं, मग दाखवतं. त्याला ५९.९४ हवे असतात. जुना निन्टेन्डो सेकंदाला साधारण ६०.१ चित्रं देतो. शिवाय तो कन्सोल रंगाच्या कडा नीट दिसाव्यात म्हणून एका आड एक चित्रात एक ठिपका गाळतो. ट्यूबवर हे कोणाला कधी दिसलं नाही. डिजिटल रूपांतरक मात्र अडखळतो, चित्र थरथरतं किंवा क्षणभर काळं होतं. काही टीव्ही त्या २६२ ओळींच्या चित्राला दोन खेपांचं समजून विस्कटून टाकतात. दोष कन्सोलचा म्हणावा तर त्यात काहीही बिघडलेलं नाही. उदार श्रोता जाऊन काटेकोर श्रोता आला, एवढंच झालं.

तर, मंडळी, अशी जोडणी अडली की मी ज्या क्रमानं जातो तो सांगतो. पहिला प्रश्न वेगाचा, मॉनिटर १५ किलोहर्ट्झचा आहे की ३१ चा? संगणकाचे बहुतेक व्हीजीए मॉनिटर ३१ च्या खाली उतरत नाहीत. त्यांच्यावर जुन्या कन्सोलचं चित्र एक तर येत नाही किंवा एकाच्या जागी दोन-दोन दिसतं. दुसरा प्रश्न देशाचा, कन्सोल ५० चा की ६० चा, केबल युरोपी की जपानी? तिसरा, सिंक कोणत्या तारेत आहे आणि मॉनिटर कोणत्या तारेत शोधतोय? चौथा, तो किती मोठा आहे, रेझिस्टर आहे का? आणि पाचवा, नुसतं उजळ दृश्य आलं की चित्र वाकतं का? तसं होत असेल तर सिंक बहुधा पूर्ण कॉम्पोझिट चित्रातून वेचला जातोय आणि वेचणारं सर्किट उजेडानं गोंधळतंय. त्यासाठी एलएम१८८१ नावाची छोटी चिप मिळते. ती चित्रातला सिंक तेवढा बाजूला काढून देते.

श्रोत्यांमधून एक प्रश्न आला आहे : "एवढं करण्यापेक्षा हे गेम मोबाइलवर खेळले तर काय बिघडलं?"

काहीच नाही. मीही खेळतो. पण त्या काळच्या चित्रकारांनी एकेक ठिपका ठेवला तो ट्यूबवर कसा पसरेल, शेजारच्या रंगात कसा मिसळेल हे समोर बघून. मोबाइलवर गेम टिकतो, ते दिसणं टिकत नाही. ते बघायचं असेल तर जुना कन्सोल आणि जुना मॉनिटर दोन्ही जिवंत हवेत, आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं जुळवून देणारं कोणीतरी हवं. आपल्याकडे अशी कामं करणारे टीव्ही मेकॅनिक अजून आहेत, वयानं साठीच्या पुढचे. होल्डचं बटण किती पिळायचं ते त्यांच्या बोटांना माहीत आहे. तुमच्या गल्लीत असा कोणी असेल तर त्यांच्याकडे एकदा जाऊन बसा. आणि भंगारात "खराब" लिहिलेला मॉनिटर दिसला, तर टाकून देण्याआधी त्याच्या पुढची बटणं एकदा बघा.